खांदेरीची कथा आणि इतिहासाचें नाट्य

एखाद्या राष्ट्राचा इतिहास परक्या देशांत जातो तो बहुधा ग्रंथांच्या वाटेनें जात नाहीं. इतिहासाचे ग्रंथ विद्वान् लोक वाचतात. सामान्य मनुष्य कथा ऐकतो, नाटक पाहतो, चित्रपटास जातो. इंग्लंडच्या पांचव्या हेन्री राजाचें नांव शेक्सपीयरच्या नाटकानें जितकें दूर नेलें, तितकें तें कोणत्याहि बखरकारानें नेलें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या कामीं दूरचित्रवाणीची भर पडली. घरोघर ठराविक वेळीं दिसणारी ऐतिहासिक मालिका हें एका राष्ट्राची ओळख दुसऱ्या राष्ट्रास करून देण्याचें मोठें साधन होऊन बसलें आहे. या साधनाचा उपयोग कोरियानें कसा करून घेतला आणि महाराष्ट्रास तो कितपत साधला, हा प्रश्न कुलाबा किनाऱ्यावरील थळसारख्या लहानशा गांवाच्या दृष्टीनें पाहिला म्हणजे त्याचें मर्म लवकर ध्यानांत येतें.

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकांठीं थळ हें गांव आहे. किनाऱ्यावर कोळीवाडा, मागें नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि समोर समुद्रांत दोन बेटें; जवळचें तें उंदेरी व त्यापलीकडचें तें खांदेरी. खांदेरीवर वेताळाचें देऊळ आहे. दर्यावर जाणारे कोळी त्या देवास फार मानतात. बेटावरील एका खडकावर दगडानें आघात केला असतां भांड्यासारखा नाद निघतो. १८६७ सालीं बांधलेला तेथील दीपस्तंभ मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांस वाट दाखवीत आला आहे. २०२५ च्या जुलै महिन्यांत पॅरिस येथें भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांत रायगड, शिवनेरी, प्रतापगड, सिंधुदुर्ग यांच्या पंक्तीस खांदेरीहि बसला. परंतु यादींत नांव जाणें निराळें आणि लोकांच्या मनांत चित्र उभें राहणें निराळें. खांदेरीचें नांव ऐकून लंडन किंवा टोकियो येथील मनुष्याच्या डोळ्यांपुढें कांहींच उभें राहत नाहीं. इतकेंच काय, पुण्या-मुंबईच्या पुष्कळ सुशिक्षित घरांतहि तीच स्थिति आहे.

वास्तविक खांदेरीची कथा कोणत्याहि नाटककारास हेवा वाटावा अशी आहे. १६७२ सालीं शिवाजी महाराजांनीं या बेटावर किल्ला बांधण्याचा प्रथम यत्न केला. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांसहि तें रुचलें नाहीं, आणि काम राहून गेलें. पुढें १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी याच्या हाताखालीं सुमारें दीडशें माणसें बेटावर उतरलीं व तट उभारूं लागलीं. येथें मराठ्यांचें ठाणें झालें तर मुंबई बंदरांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर त्यांची नजर राहणार, हें इंग्रजांनीं तत्काळ ओळखलें आणि बेटाची नाकेबंदी करण्यासाठीं आपलीं जहाजें पाठविलीं. १९ सप्टेंबर रोजीं लेफ्टनंट थॉर्प याची तुकडी बेटावर उतरण्याच्या प्रयत्नांत मार खाऊन परतली. थॉर्प स्वतः मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाच्या हुकमतीखालील मराठी आरमार किनाऱ्याकडून इंग्रजांवर चालून गेलें. ‘डव्ह’ नांवाचें त्यांचें एक जहाज मराठ्यांनीं पकडलें, बाकीच्या बहुतेक तारवांनीं पळ काढला; परंतु ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजावरील मिंचिन व केग्विन हे कप्तान डगमगले नाहींत. त्यांनीं तोफांच्या जोरावर मराठ्यांचीं पांच गलबतें बुडविलीं आणि बाकीच्यांस मागें हटविलें.

त्या एका दिवसाचा हिशेब केला तर जय इंग्रजांचा झाला असेंच म्हटलें पाहिजे. पण बेट मराठ्यांच्या हातीं राहिलें. इंग्रजांचीं मोठीं जहाजें वाऱ्यावर अवलंबून होतीं व त्यांस खोल पाणी लागे; उलट मराठ्यांचीं तारवें हलकीं, वल्ह्यांवर चालणारीं आणि उथळ पाण्यांतून व खाड्यांतून सहज निसटणारीं. रात्रीच्या अंधारांत किनाऱ्यावरून निघून तीं बेटावर धान्य, दारूगोळा व माणसें पोंचवीत, आणि सकाळीं इंग्रज पाहत तों तटाचें काम आणखी वर गेलेलें असे. पुढें सिद्दी कासम आपलें आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला. तरीहि बेट पडलें नाहीं. सुरतेच्या वरिष्ठांस खर्च व धोका पेलेना. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं वेढा सोडून तहाची वाट धरली, आणि त्याच सुमारास सिद्दीनें खांदेरीवर दाब ठेवण्यासाठीं शेजारचें उंदेरी बळकावलें. थळच्या समोर एका कोसाच्या आंत दोन शत्रूंचे दोन किल्ले एकमेकांवर तोफा रोखून उभे राहिले, ते असे.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. या लढाईची दिवसावार हकीकत आज उपलब्ध आहे ती मुख्यतः इंग्रजांच्या कागदपत्रांवरून. मुंबई आणि सुरत येथील वखारवाल्यांनीं एकमेकांस लिहिलेलीं पत्रें जपून ठेवलीं गेलीं, आणि पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ सालीं शिवकालीन इंग्रजी पत्रांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हां तीं मराठी अभ्यासकांच्या हातीं आलीं. मायनाक भंडाऱ्याचा पराक्रम त्याच्या शत्रूनें लिहून ठेवला म्हणून तो इतक्या तपशिलानें समजतो. ज्याच्या हातीं लेखणी, त्याच्या हातीं इतिहास, ही गोष्ट येथें पुरतेपणीं प्रत्ययास येते.

आणि ज्याच्या हातीं रंगभूमि, त्याच्या हातीं जगाचें मत, ही गोष्ट आंग्र्यांच्या उदाहरणावरून दिसून येते. खांदेरीचा उपयोग पुढें कान्होजी आंग्रे यांनीं करून घेतला. कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांशीं झालेल्या करारानें त्यांचा अधिकार शाहू महाराजांच्या दरबारीं पक्का झाला होता. आपल्या समुद्रांतून व्यापार करणाऱ्यानें आपला दस्तक घ्यावा, न घेईल त्याचें जहाज धरलें जाईल, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीजांनीं हाच नियम त्यांच्या आधीं दोनशें वर्षें चालविला होता, आणि त्यांना कोणी चांचे म्हटलें नाहीं. परंतु कान्होजींनीं तो चालवितांच इंग्रजांच्या लेखीं ते चांचे ठरले. १७१८ सालीं इंग्रजांनीं खांदेरीवर स्वारी केली ती फसली. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर केलेली स्वारीहि फसली. १७२९ सालीं कान्होजी वारले. अलिबागेस त्यांची समाधि आहे. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १७३७ सालीं, क्लेमंट डाउनिंग नांवाच्या इंग्रजाचें पुस्तक लंडनमध्यें निघालें, त्याच्या मुखपृष्ठावरच आंग्र्यांस चांचा हें विशेषण जोडलेलें होतें. सुवर्णदुर्ग १७५५ सालीं घेणाऱ्या विल्यम जेम्स याच्या विधवेनें पतीच्या स्मरणार्थ १७८४ सालीं लंडनच्या शूटर्स हिल या टेकडीवर एक मनोरा बांधला व त्यास सुवर्णदुर्गाचेंच नांव दिलें. तो अजून उभा आहे.

पुस्तक आणि मनोरा यांनीं आरंभिलेलें काम पुढें चित्रपटानें पुरें केलें. २००७ सालीं ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या अमेरिकन चित्रपटमालेचा तिसरा भाग जगभर दाखविला गेला. त्यांत जगांतील समुद्रांवर राज्य करणाऱ्या चांच्यांची एक सभा आहे, आणि हिंदी महासागराचा चांचा म्हणून त्या सभेंत जो पागोटेंवाला पुरुष बसतो त्याचें नांव संभाजी असें ठेवलें आहे. कान्होजींच्या पुत्राच्या नांवावरून हें पात्र बेतलेलें आहे. कोट्यवधि लोकांनीं तें चित्र पाहिलें. मराठ्यांच्या आरमाराविषयीं त्यांतील बहुतेकांस एवढीच माहिती मिळाली; तीहि कोणाविषयीं आहे हें न कळतां. यांत त्या चित्रपटकारांचा दुष्ट हेतु होता असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांना एक रंगीबेरंगी चांचा पाहिजे होता. त्यांच्या ग्रंथालयांत आंग्रे या नांवापुढें चांचा असें लिहिलेलें होतें. दुसरी बाजू सांगणारी, तितकीच मनोवेधक कथा त्यांच्यापर्यंत कधीं पोंचलीच नव्हती.

ही दुसरी बाजू पोंचविण्याचें काम कोरियानें स्वतःच्या बाबतींत कसें केलें तें आतां पाहण्यासारखें आहे. कोरिया हा आकारानें लहान देश. चीन व जपान या दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्यें सांपडलेला, आणि १९१० पासून १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यांत राहिलेला. त्याचा इतिहासहि दीर्घकाळ परक्यांनींच सांगितला. २००३ सालीं तेथील एका दूरचित्रवाणी संस्थेनें ‘दे जांग गुम’ नांवाची चोपन्न भागांची मालिका दाखविली. सोळाव्या शतकांत राजवाड्याच्या मुदपाकखान्यांत काम करणारी एक अनाथ मुलगी पुढें वैद्यविद्या शिकून राजाची वैद्य होते, अशी ती कथा. जपान, हाँगकाँग, इराण अशा परस्परांहून अगदीं भिन्न देशांत ती घरोघर पाहिली गेली. २००६ च्या सुमारास दूरदर्शननें तिचें हिंदी रूपांतर भारतांतहि दाखविलें. त्याच सुमारास दूरदर्शनवर ‘समुद्रसम्राट्’ या अर्थाच्या नांवाची दुसरी कोरियन मालिका आली. तिचा नायक जांग बोगो हा नवव्या शतकांतील दर्यावर्दी. ८२८ सालीं त्यानें वांदो बेटावर ठाणें बांधलें आणि आपल्या किनाऱ्यावरील माणसें धरून नेऊन विकणाऱ्या चांच्यांचा बंदोबस्त केला. म्हणजे बेटावर ठाणें बांधून समुद्रावर सत्ता गाजविणारा कोरियन पुरुष भारतीयांच्या घरांत रक्षणकर्ता म्हणून आला, आणि पुढच्याच वर्षीं बेटांवरून समुद्र राखणाऱ्या मराठी घराण्याचें नांव चांच्यांच्या सभेंत झळकलें. दोहोंतील अंतर पराक्रमाचें नाहीं, सांगणाऱ्याचें आहे.

कोरियाचा दुसरा आरमारी वीर यी सुन-सिन. १५९७ सालीं म्यॉंगन्यांग या अरुंद सामुद्रधुनींत, भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा नेमका उपयोग करून, त्यानें तेरा जहाजांच्या बळावर शंभराहून अधिक जपानी जहाजांचा पराभव केला. त्याच्यावर २००४-०५ सालीं एकशें चार भागांची मालिका निघाली, आणि २०१४ सालीं निघालेला चित्रपट पांच कोटि वस्तीच्या त्या देशांत पावणेदोन कोटि तिकिटें विकून गेला. त्यानें युद्धकाळांत लिहिलेली रोजनिशी २०१३ सालीं युनेस्कोच्या ‘जगाची स्मृति’ या यादींत गेली. कागद, मालिका आणि जागतिक मान्यता हीं तिन्हीं एकाच वाटेनें चालत गेलीं.

हें यश कशानें मिळालें? केवळ पैशानें मिळालें असें म्हणतां येणार नाहीं. पैसा लागतोच, आणि १९९९ सालीं कायदा करून कोरियन सरकारनें सांस्कृतिक उद्योगांस उत्तेजनहि दिलें. पण मूळ कारण त्यांच्या दप्तरांत आहे. जोसॉन घराण्याच्या पंचवीस राजांची, ४७२ वर्षांची राजसभेची वृत्तें त्या देशानें अठराशेंहून अधिक खंडांत जतन केलीं आहेत. तीं लिहिणारे लेखक इतके स्वतंत्र असत कीं राजासहि आपल्याविषयीं काय लिहिलें आहे तें पाहण्याची मनाई असे. १४०४ सालीं तेजोंग राजा शिकारींत घोड्यावरून पडला आणि ही गोष्ट लेखकास कळूं देऊं नका असें म्हणाला. लेखकानें राजा पडला हेंहि लिहिलें आणि कळूं देऊं नका असें म्हणाला हेंहि लिहिलें! या वृत्तांत जांग गुम नांवाच्या वैद्य स्त्रीचा उल्लेख मोजक्या ओळींपुरता आहे. बाकीची कथा नाटककारानें रचिली. परंतु ती रचतांना त्या काळचें अन्न, वस्त्र, औषधें, दरबारचे नियम, वरिष्ठ-कनिष्ठांचें बोलणें या सर्वांचा कसून अभ्यास केला. व्यक्ति कल्पनेची, पण काळ खरा, असा तो मेळ होता.

दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. या मालिकांत राजे व लढाया असतात, पण प्रेक्षकाचें मन गुंतून राहतें तें माणसांच्या कामांत. भाजी कशी चिरावी, सूप किती वेळ उकळावें, नाडी कशी पाहावी, कागद कसा बनवावा, हें पाहत असतां इराणांतील गृहिणी आणि भारतांतील आजी या दोघींसहि तें आपलेंच घर वाटूं लागतें. राष्ट्राची संस्कृति परक्यास समजते ती घोषणांवरून समजत नाहीं. तेथील मनुष्य कष्ट कसे करतो, वडीलधाऱ्यांशीं कसें बोलतो, अन्न वाढतांना हात कसा पुढें करतो, यावरून समजते.

महाराष्ट्रास ही विद्या नवी नव्हती. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस मराठी नाटकाचा आरंभ केला, आणि अठरा वर्षांनीं, १८६१ सालीं, विनायक जनार्दन कीर्तने यांनीं थोरल्या माधवराव पेशव्यांवर नाटक लिहिलें. इंग्रजी अमलांत ऐतिहासिक नाटक हें स्वातंत्र्याच्या आकांक्षेचें वाहन झालें. बाबूराव पेंटर यांनीं १९२३ सालीं कोल्हापुरांत हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. प्रभात कंपनीनें १९३० सालीं शिवचरित्रावर चित्रपट काढून त्यास ‘स्वराज्याचें तोरण’ असें नांव दिलें, तेव्हां स्वराज्य हा शब्द सरकारास खपला नाहीं. चित्रपटास ‘उदयकाल’ या नांवानें बाहेर पडावें लागलें. ज्या कलेचा एक शब्द साम्राज्यास भारी वाटतो, त्या कलेचें सामर्थ्य निराळें सांगावयास नको.

परदेशीं मान मिळविण्याचा मार्गहि महाराष्ट्रानें कोरियाच्या पुष्कळ अगोदर दाखवून दिला होता. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं निघाला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्या चित्रपटांत मोठी लढाई नाहीं, भव्य राजवाडा नाहीं. देहूचें एक घर आहे, भाकरीची भ्रांत आहे, नवऱ्यावर चिडणारी आणि तरी त्याच्यासाठीं जीव टाकणारी आवली आहे. मराठी न समजणाऱ्या माणसासहि ती आवली समजली. कोरियानें पुढें जें मुदपाकखान्यांतून साधलें, तें प्रभातनें देहूच्या स्वयंपाकघरांतून साधलें होतें.

मग पुढें खंड कां पडला? खंड पडला असें सर्वस्वीं म्हणतां येत नाहीं. भालजी पेंढारकरांनीं १९५२ सालीं ‘छत्रपति शिवाजी’ काढला. दूरदर्शनवर रणजित देसायांची ‘स्वामी’ आली. २००८ सालीं ‘राजा शिवछत्रपती’ आणि २०१७ पासून २०२० पर्यंत ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकांनीं मराठी घरें भारून टाकलीं. ‘बाजीराव मस्तानी’, ‘तान्हाजी’ व ‘छावा’ या हिंदी चित्रपटांनीं मराठ्यांचा इतिहास परदेशांतहि नेला. परंतु या बहुतेक कृतींत एक गोष्ट सारखी दिसते. त्यांचा सारा भर महापुरुषांवर, तलवारीवर आणि आवेशाच्या भाषणावर आहे. कथाभूमि बहुधा सह्याद्रीचा गड. ज्या हातांनीं गड बांधले, तोफा वर चढविल्या, धान्य पुरविलें, ते हात क्वचितच दिसतात. आणि समुद्र तर बहुतांशीं बाजूसच राहिला. स्वजनांस ही कथा आधींच ठाऊक असते, म्हणून नायकाचें नांव उच्चारतांच त्यांचा ऊर भरून येतो. परक्याचा ऊर नांव ऐकून भरत नाहीं. त्याला आधीं तें माणूस दिसावें लागतें.

याबरोबरच एक धोकाहि ध्यानांत ठेवला पाहिजे. इतिहासाचें नाट्य परदेशीं जाऊं लागलें म्हणजे त्यावरून घरांत वाद माजतात. तेंडुलकरांचें ‘घाशीराम कोतवाल’ हें नाटक १९७२ सालीं पुण्यांत रंगभूमीवर आलें. नाना फडणविसांच्या चित्रणावरून त्यावर प्रथमपासून टीका झाली होती; १९८० सालीं तें युरोपच्या दौऱ्यावर निघालें तेव्हां, एका थोर मुत्सद्द्याचें असें रूप परक्यांस दाखवावें काय, या प्रश्नावरून मोठा विरोध झाला. कोरियांतहि २०२१ सालीं एका ऐतिहासिक मालिकेंत जोसॉन काळच्या प्रसंगीं चिनी पदार्थ व चिनी सजावट दाखविल्यावरून इतका क्षोभ झाला कीं दोनच भागांनंतर ती बंद करावी लागली. लोकांस आपल्या भूतकाळाविषयीं इतकी आंच असावी हें चांगलेंच आहे. परंतु त्या आंचेचा उपयोग दोन प्रकारें होऊं शकतो. तिच्यामुळें लेखक अधिक अभ्यास करील, किंवा भिऊन केवळ स्तुतिपाठक होईल. पहिल्यानें राष्ट्राची कीर्ति वाढते. दुसऱ्यानें जी कलाकृति निर्माण होते ती घरांत टाळ्या घेते आणि सीमेबाहेर कोणी तिकडे पाहत नाहीं. कारण स्वतःचीच स्तुति करणाऱ्याचें ऐकून घेण्याची हौस जगांत कोणासच नसते.

या दृष्टीनें खांदेरीची कथा फार अनुकूल आहे, कारण तिच्यांत खोटें घालण्याची गरजच नाहीं. तींत मायनाक हा भंडारी आहे, दौलतखान हा मुसलमान सेनानी आहे. त्यांच्या तारवांवर वल्हें मारणारे कोळी-भंडारी आहेत. समोर आफ्रिकेंतून आलेल्या पूर्वजांचा वारसा सांगणारा सिद्दी आहे, आणि सर्व सोबती पळाले असतां एकट्या जहाजावर पाय रोवून उभा राहणारा इंग्रज कप्तानहि आहे. शत्रूचें शौर्य मान्य केल्यानें मराठ्यांचें शौर्य उणें होत नाहीं. अशा शत्रूसमोर बेट राखलें, म्हणून तें अधिकच दिसतें. एका दिवसाची लढाई हरूनहि चार महिन्यांचा वेढा जिंकला, हें तर या कथेचें सार. आणि तें सार तलवारीच्या एका वाराचें नसून रात्रीमागून रात्र केलेल्या फेऱ्यांचें आहे.

काम दाखवावयाचें तर या किनाऱ्यावर तें विपुल आहे. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतील फरक, खडकांतून होडी काढण्याचें कसब, वारा पालटण्यापूर्वीं आभाळाचा रंग ओळखणारा तांडेल, शीड शिवणारे हात, नव्या तारवाच्या सांध्यांत कापूस व तेल भरणारे सुतार, समुद्राच्या पाण्यांतच दगड रचून तट उभारणारे पाथरवट, मासळी सुकविणाऱ्या आणि घरधनी परत येईपर्यंत रात्रभर दर्याकडे पाहत बसणाऱ्या कोळणी, नारळी पौर्णिमेस सागरास वाहिलेला नारळ, या प्रत्येक गोष्टींत एकेक भाग भरण्याइतकें द्रव्य आहे. यांतील बरेंचसें ज्ञान आजहि जुन्या कोळ्यांच्या तोंडीं आहे. पण तें कागदावर फार थोडें उतरलें आहे. यंत्राच्या होड्या आल्या, शिडें गेलीं. थळच्या परिसरांत खतांचा मोठा कारखाना उभा राहिला. तरुणांच्या कामाच्या वाटा बदलल्या. जें तोंडीं आहे तें माणसाबरोबर जातें. कोरियाजवळ अठराशें खंड होते म्हणून त्याला मालिका सुचल्या. थळच्या समुद्राचे खंड अजून माणसांच्या स्मरणांत आहेत, आणि ते लिहून घेण्यास काळ फार उरलेला नाहीं.

म्हणून पहिलें काम कॅमेऱ्याचें नसून लेखणीचें आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हां त्या पिढीनें खेडोपाडीं हिंडून जुनीं दप्तरें वांचविलीं. पुढील शंभर वर्षांच्या मराठी नाटकाचें, कादंबरीचें आणि चित्रपटाचें भांडवल त्या श्रमांतून आलें. तसेच श्रम आतां समुद्रकांठच्या गांवांसाठीं व्हावयास पाहिजेत. शाळांनीं, वाचनालयांनीं आणि सुखवस्तु घरांतील शिकलेल्या मुलामुलींनीं तांडेलांच्या, सुतारांच्या आणि कोळणींच्या आठवणी टिपून घेतल्या, तर तें कार्य फार खर्चाचेंहि नाहीं.

भारतीय आरमारानें आपल्या पाणबुडीस १९६८ सालीं ‘खांदेरी’ हें नांव दिलें आणि २०१९ सालीं नव्या पाणबुडीसहि तेंच दिलें. २०२२ सालीं आरमाराच्या निशाणावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृति आली. राष्ट्रानें नांव स्मरणांत ठेवलें आहे. जागतिक यादीनेंहि तें नोंदलें आहे. राहिली आहे ती कथा. ती जर या किनाऱ्याच्या लोकांनीं, प्रामाणिकपणें आणि अभ्यास करून, सांगितली नाहीं, तर जग कांहीं कथेवांचून थांबणार नाहीं. चांच्यांच्या सभेंतील तो पागोटेंवाला पुरुष तेथें बसलेलाच आहे.